मुक्या आईची कविता

"कविता का? बरं. मग मंडळाचं भाषण झालं की तुम्ही, आणि तुमच्यानंतर चर्चच्या बायका," मुरिंगानी म्हणाला. "फक्त दोन मिनिटांत आवरा हं, बाई. शववाहिकेला इथून पुढे आणखी एका घरी जायचंय."

नेत्साई गापारे त्याच्याकडे बघतच राहिली. दोन मिनिटं! हा मनुष्य आठवडाभर पत्र्याचे खिळे विकतो आणि शनिवारी अंत्यसंस्कार मंडळाचा चिटणीस म्हणून हरारेच्या मुफाकोसे वस्तीतल्या मेलेल्यांचा कार्यक्रम लावतो. त्याच्या सुटाच्या बाहीवर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच शिवलेली होती. ती उसवली तर सूट नवा आहे हे लोकांना कळणार कसं? अशा माणसाने तिला दोन मिनिटं द्यावीत! रॉटरडॅमच्या कवितासंमेलनात तिच्यासाठी रंगमंचावर एक खुर्ची, एक पेलाभर पाणी आणि पाऊण तास ठेवलेला असे. मेदेयीनला बागेत बसलेले हजारो लोक एक अक्षर कळत नसताना तिच्यासाठी उठून उभे राहिले होते. आणि इथे, स्वतःच्या आईच्या अंगणात, आईची शवपेटी आत ठेवलेली असताना, तिला मंडळ आणि बायका यांच्या फटीत बसवलं होतं. "कविता म्हणजे पाठ केलेलं ना? की वाचून?" मुरिंगानीने पुन्हा विचारलं. "म्हणजे तसा माईक धरायला पोरगं ठेवतो." तिने उत्तर दिलं नाही. अशा प्रश्नांना उत्तर न देण्याची तिची एक पद्धत होती. ती मान किंचित वळवून समोरच्याच्या कानामागे कुठेतरी पाहत असे. युरोपात लोक या नजरेला घाबरत. मुरिंगानीने मागे वळून पाहिलं, तिथे काही नव्हतं, आणि तो मंडप बांधणाऱ्यांवर ओरडायला निघून गेला.

ती पेरूच्या झाडाखालच्या बाकावर बसली. आत पुढच्या खोलीत लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या चर्चच्या बायका जमिनीवर मांड्या ठोकून बसल्या होत्या आणि गात होत्या. त्यांतली निम्मी माणसं तिच्या आईला तोंडावर हसून मागे शिव्या देणारी, हे नेत्साईला पक्कं ठाऊक होतं. पुरुष कुंपणाशी पेटवलेल्या लाकडांभोवती बसून राजकारण बोलत होते, म्हणजे ज्या गोष्टी बोलायला ते गेली कित्येक वर्षं घाबरत आले त्याच गोष्टी न बोलता माना हलवत होते. मागच्या बाजूला भावाची बायको आणि इतर सुना काळ्या तीनपायी भांड्यांत मक्याच्या पिठाचा साद्झा घाटत होत्या आणि घाम पुसत होत्या. या सगळ्यांत एक इंग्रिड. सांस्कृतिक केंद्राची इंग्रिड, काळ्या तागाच्या झग्यात, कॅमेरा पोटाशी धरून, चेहऱ्यावर ते ठरलेलं समजूतदार स्मित. तिला नेत्साईनेच बोलावलं होतं. आईच्या पार्थिवासमोर आईवरची कविता, कवयित्रीच्या जन्मगावी, पहिल्यांदाच. इंग्रिडला हे ऐकून फोनवरच हुंदका आला होता. इंग्रिडची नेत्साईला किळस येई. पण तिच्या चित्रफितीवर पुढच्या वर्षाची दोन संमेलनं अवलंबून होती, आणि किळस येणाऱ्या माणसांवाचून आपलं एकही वर्ष गेलेलं नाही हे ती स्वतःशी कबूल करीत असे, तेही अभिमानाने.

तुच्छता हा तिचा धंदाच होता. सुरुवात इथूनच, दोन गल्ल्या पलीकडच्या सरकारी बिअर हॉलमधून झाली. ती एकोणीस वर्षांची, अंगावर भावाची पँट, आणि समोर प्लास्टिकच्या बादलीवजा मगातून आंबूस बिअर पिणारे दीडशे पुरुष. पहिल्या कवितेत तिने त्या पुरुषांनाच शिव्या घातल्या. त्यांनी हाडकं फेकली. दुसऱ्या वेळी तिने हाडकं फेकणाऱ्यांची नावं घेऊन शिव्या घातल्या, त्यांच्या बायकांना ते काय म्हणतात हे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं, आणि हॉल असा हसला की गुत्तेवाल्याने तिला दर शुक्रवारी यायला सांगितलं. हसत होते तोवर ती त्यांचा द्वेष करीत नव्हती, हे तिला आत्ता पेरूखाली बसल्यावर आठवलं आणि ते तिला आवडलं नाही. मग वकिलातीतली माणसं आली. कार्यशाळा आल्या. दूध घातलेला चहा, सँडविचं, आणि केस विंचरायला विसरलेला एक इंग्लिश कवी, ज्याने तिला थांबायला शिकवलं. ओळीच्या मधे थांब, म्हणाला. लोकांना वाटू दे की तुला पुढे बोलवत नाहीये. ती थांबायला शिकली. हात कोपरातून उचलून हवेत सोडायचा शिकली. मंत्र्यावरच्या कवितेबद्दल पोलिसांनी तिला एक रात्र चौकीत बसवून ठेवलं, चहाही दिला, आणि त्या रात्रीची तिच्या परिचयपत्रकात आधी 'अटक' झाली, मग 'तुरुंगवास' झाला आणि एका स्पॅनिश भाषांतरात तर 'दीर्घ कारावास'. तिने दुरुस्त केलं नाही. ज्यांना कारावासच हवा आहे त्यांना एक रात्र देऊन काय उपयोग? दोन बारीक पुस्तकं निघाली, तिकडेच छापली, तिकडेच वाचली गेली. हरारेत तिच्यामागून आलेली पोरं आता बोटांनी चुटक्या वाजवतात टाळ्यांऐवजी, अमेरिकन नाकातून बोलतात आणि तिला 'आमची आई' म्हणतात. त्यांच्याबद्दल तिला काय वाटत असे ते तिने एकदा एका मुलाखतीत सांगितलं होतं. ते छापता आलं नाही.

पण तिचं नाव झालं ते एका कवितेवर. 'माझी मुकी आई.' दर कार्यक्रमाच्या शेवटी दिवे मंद होत, ती चपला काढून पुढे येई आणि म्हणे: माझी आई... बोलली नाही. मग लांब थांबणं. मग साबणाने फाटलेले हात, दुसऱ्यांच्या बायकांची अंतर्वस्त्रं धुणारी बाई, मेलेला नवरा, दोन पोरं, रिकामं भांडं चुलीवर ठेवून नुसतं पाणी उकळणारी, आणि दर चार ओळींनी पुन्हा: माझी आई बोलली नाही. लोक रडत. हमखास रडत. कोणत्या ओळीला कोणत्या रांगेत पहिला रुमाल निघतो हे तिला सांगता आलं असतं. एका बर्फाळ गावात लेखकांसाठी ठेवलेल्या लाकडी घरात बसून तिने ती लिहिली होती. पहिल्या खर्ड्यात कुत्रा होता. तिच्या आईने कुत्रा पाळला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'तुम्हाला-काय-त्याचं'. समोरची शेजारीण दारावरून निघाली की आई अंगणात उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी कुत्र्याला हाक मारायची. शेजारणीला भांडता येईना, कारण हाक कुत्र्यालाच होती. मग शेजारणीनेही कुत्रं आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'सगळं-माहितेय', आणि वर्षभर दोघी आपापल्या कुत्र्यांना जेवायला बोलावत एकमेकींची अब्रू काढत राहिल्या. पोरांची नावंही तशीच. सासूने छळलं म्हणून मुलीचं नाव नेत्साई, 'छळा अजून'. आणि मुलाचं मुचानेता, 'दमाल तुम्हीच'. आई एलँड हरणाच्या कुळातली लेक, लोक तिला चिहेरा म्हणत, आणि त्या कुळाच्या बायकांशी वाकडं बोलायला पोलिसही दोनदा विचार करतात. हे सगळं पहिल्या खर्ड्यात होतं. त्या लाकडी घराची व्यवस्था बघणाऱ्या पिवळ्या केसांच्या बाईने तो वाचला, खूप हसली, आणि मग डोकं एका बाजूला कलवून म्हणाली, "सुंदर आहे. पण नेत्साई, यात वेदना कुठे आहे?" नेत्साईला त्या बाईचा इतका संताप आला की तिने त्याच रात्री कुत्रा कापला, शेजारीण कापली, आईची जीभ कापली. हवी ना वेदना, घ्या. तिला वाटलं होतं ही एक थट्टा आहे, त्या बाईची, त्या सगळ्यांची. थट्टेवर तिने पुढची बावीस वर्षं काढली.

आईने ती कविता कधी ऐकली की नाही, हे तिला माहीत नव्हतं, आणि सलत होतं ते हेच. आईने तिचा एकही कार्यक्रम पाहिला नाही. सुरुवातीला बिअर हॉलमध्ये पोरीला बघायला चर्चची बाई येणार नाही हे उघड होतं, पण पुढे शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात, गाडी पाठवली तरी, "माझ्या भुईमुगाला कोण बघेल?" किंवा "पाय दुखतो," किंवा नुसतंच, "तू म्हण बाई, मी आहेच इथे." नेत्साईने मुचानेताच्या फोनवर कवितेची चित्रफीत पाठवली. आईने चकार शब्द काढला नाही. आवडली नाही म्हणाली नाही, खोटी आहे म्हणाली नाही. ज्या बाईने जन्मभर कुणाचं काही पोटात ठेवलं नाही ती या एका गोष्टीवर गप्प बसली. दर फोनवर नेत्साई वाट बघे: आता बोलेल. आई विचारी, जेवतेस का नीट. आणि मग साखरेने डोळे गेले, पाय गेला, परवा तीही गेली. परदेशातून येताना विमानात नेत्साईने ठरवलं की कविता अंगणातच म्हणायची. आईला ऐकावीच लागेल. पेटीतून उठून तर कुणी जात नाही. आणि या सगळ्या लाल ब्लाउजवाल्यांना एकदा कळू दे आपण कोण आहोत. एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिला इतकं हवं होतं की ती स्वतःला त्याबद्दल थोडी तुच्छ मानत होती.

"सिसी, चहा," मुचानेता समोर उभा होता. तिला ताई या अर्थी सिसी म्हणणाऱ्या या धाकट्या भावाचे डोळे सुजले होते, आणि त्याने शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात घातली होती. तोच इथे राहिला होता. आईचा पाय धुणारा, औषध शोधत फिरणारा, न शिकलेला, न गेलेला. त्याच्याशी ती नेहमी जरा हळू बोलत असे, जसं बहिऱ्याशी बोलावं.

"मुचा, आईने माझी कविता ऐकली होती?"

तो चहाच्या पेल्याकडे बघू लागला. "कुठली?"

"कुठली काय! मी तुला पाठवली होती ती. तिच्यावरची."

"सिसी, शववाहिका आली वाटतं. बघतो हं," तो म्हणाला आणि गेला. शववाहिका आली नव्हती.

पेटी बाहेर मंडपात आणली तेव्हा ऊन तापलं होतं. मंडळाचा एक वक्ता आईची सहनशीलता, आईची नम्रता, आईचं मितभाषीपण यांवर बोलत होता. नम्रता! नेत्साईने शेजारच्या बाकांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. मेल्यावर माणसाला असं धुऊन टाकतात, तिला वाटलं, आणि तिला आतून एक कडू समाधान झालं: म्हणजे हे लोकही तेच करतात, फक्त वाईट भाषेत. तिने चपला काढल्या. इंग्रिडने कॅमेरा वर उचलला. आणि त्याच क्षणी फाटकातून तिची आई आत आली.

तोच तपकिरी कोट, कोपराला ठिगळ. तीच हिरवी लोकरीची टोपी, कानांवर ओढलेली. डावा पाय आधी टाकून उजवा मागून ओढत आणायची तीच चाल. मग टोपीखालचा रुंद, गोलमटोल चेहरा दिसला. ती लव्हमोरची आई होती, माई लव्हमोर, बसस्टँडवर टोमॅटो विकणारी. तिच्या सासरचे आणि गापारे हे पिढ्यानपिढ्याचे साह्विरा. एकमेकांची मढी त्यांनीच पुरायची, आणि पुरण्याआधी मेलेल्याचे कपडे घालून, त्याची चाल चालून, त्याची सगळ्यांसमोर टर उडवायची. साह्विराला तो हक्कच असतो. त्याने काहीही बोललं तरी रागवायचं नाही. जो रागावेल त्याने साह्विराला कोंबडी द्यायची. आणि साह्विराने मेलेल्याच्या आवाजात काही विचारलं, तर मेलेल्यानेच विचारलं असं समजून उत्तर द्यायचं. नेत्साई हे सगळं विसरली नव्हती. तिने ते आपल्या भाषणांत 'आमची लोकपरंपरा' म्हणून अनेकदा वापरलं होतं. पण परंपरा फाटकातून लंगडत आत येईल हे तिच्या ध्यानात नव्हतं.

"काय गं ही गर्दी?" माई लव्हमोर आईच्या आवाजात खेकसली. आवाज हुबेहूब होता, तळाशी खरखर, शेवटाला टोक. "मी जिवंत होते तेव्हा एक मेला मीठ मागायला आला तरी फाटकातून परत जायचा, आणि आज साद्झा आहे म्हटल्यावर आख्खं मुफाकोसे!" मंडप हसला. रडून थकलेल्या लाल ब्लाउजवाल्या तोंडावर हात घेऊन हसल्या. ती भांड्यांकडे गेली, पळी उचलून वास घेतला. "हा साद्झा आहे की भिंतीचा चुना? सूनबाई, याने माझी पेटी चिकटवणार आहेस का?" मुचानेताची बायको कमरेच्या कापडात तोंड खुपसून हसू लागली. मग ती मुरिंगानीसमोर उभी राहिली, त्याची बाही दोन बोटांत धरली. "मुरिंगानी, लेका, ही चिठ्ठी काढ. दुकानदार अंत्यदर्शनाला आलाय, सूट ओळखून परत मागेल." मुरिंगानीसकट सगळे खो खो हसले. नेत्साई हसली नाही. तिने तासभर मनात घोळवलेली तुच्छता या टोमॅटोवालीने चव्हाट्यावर नुसती सांडली, आणि तिची तुच्छता राहिलीच नाही. मुरिंगानी तर खूश दिसत होता. इंग्रिडपुढे जाऊन माई म्हणाली, "ही गोरी कुणाची सून? मला न विचारता आणली का रे?" इंग्रिड काहीही न कळता हसली, आणि तेच तिचं सर्वांत चांगलं हसणं होतं. माईने वक्त्यालाही सोडलं नाही. "मितभाषी म्हणे मी! अरे, माझ्या कुत्र्याला विचार!" लोक बाकांवर लोळायला लागले. नेत्साईच्या मनात तिचं तिलाच नको असलेलं एक गणित चाललं होतं: बाईला थांबायचं कुठे ते कळतं. शिकवलेलं थांबणं नव्हतं ते. हसू पुरतं ओसरायच्या आत, कुणीतरी श्वास घेतोय तेवढ्यात, ती पुढचं टाकत होती.

मग माई लव्हमोर पेटीशेजारी आईच्या बुटक्या स्टुलावर बसली, मांडीवर रिकामं सूप घेतलं आणि नसलेला भुईमूग सोलू लागली. "मुचानेता," ती म्हणाली, "तुझ्या फोनवर सिसीची ती कविता आलीय म्हणतोस ना? लाव रे. ऐकू दे काय म्हणते माझी पोर."

मुचानेता खांबाला टेकून उभा होता. त्याने मान हलवली, नको म्हणून. पण साह्विराला नको म्हणता येत नाही. "लावली, आई," तो पुटपुटला.

माईने डोळे मिटले. कोपरातून हात उचलून हवेत सोडला, आणि नेत्साईच्या आवाजात, नेत्साईच्याच त्या खोल, गोठलेल्या, पाश्चात्त्य श्वासात म्हणाली, "माझी आई..." आणि थांबली. थांबली ती थांबलीच. एक बाई फिस्सकन हसली. "...बोलली नाही." आणि पुन्हा हात, आणि पुन्हा थांबणं, मान कलवून कुणाच्या तरी कानामागे पाहणं. शेजारच्या गल्लीतल्या पोरांपर्यंत सगळे हसत होते. नेत्साईला कानांच्या पाळ्या जळताना जाणवल्या. या बाईने तिला कुठे पाहिलं होतं? फोनवर, अर्थात. सगळ्यांनी पाहिलं होतं, वर्षानुवर्षं, याच अंगणात बसून, शेंगा सोलत.

आता ती परत आई झाली. सोलणारा हात मधेच थांबला. डोळ्यांच्या कडांना खरंच पाणी आलं. "अरे देवा," ती म्हणाली, "कोण रे ही बिचारी?"

मुचानेता शर्टाची चुकलेली गुंडी सोडवू लागला.

"सिसीला कुठे भेटली ही? त्या बर्फाच्या देशात का? नवरा मेला, पोरं उपाशी, चुलीवर नुसतं पाणी, आणि त्यात मुकी! म्हणजे शेजारणीला एक शिवी द्यायचीसुद्धा सोय नाही गं बाई! हिला भाऊ नाहीत? चर्च नाही? तिथल्या लोकांनी नुसतं ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या?" तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "बंद कर रे ते. ऐकवत नाही. आणि हे बघ, सिसी येईल ना आता, तेव्हा तिच्याकडे एक पिशवीभर पीठ बांधून दे. म्हणावं, त्या बाईला नेऊन दे."

लोक हसत होते, पण वेगळं. हसता हसता माना हलवत होते, जसं चिहेरा जिवंत असताना तिच्यावर हसत.

"खोटं आहे हे!" नेत्साई उभी राहिली होती. अनवाणी. "आई असं म्हणाली नाही. कधीच नाही म्हणाली!"

मग कुंपणाजवळून एक म्हातारा आनंदाने ओरडला, "कोंबडी!" "कोंबडी! कोंबडी!" सगळ्या बायकांनी उचललं, टाळ्या पिटल्या, कुणीतरी जिभेने लांब किलकारी दिली. साह्विरावर रागावणारं माणूस किती वर्षांनी सापडलं होतं, आणि तेही परदेशातलं, चांगलं जाड. ही चूक मुफाकोसेतल्या शेंबड्या पोरानेही केली नसती.

मुचानेता तिच्याजवळ आला होता. त्याने तिचा दंड धरला. "सिसी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणाली होती गं. असंच. मला वाटलं तुला सांगू नये." आणि मग, जणू त्यात काही सांत्वन असावं अशा थाटात, "पिशवी बांधलीही होती तिने. तू मागे आलीस तेव्हा नेलीस की."

हो. निळ्या दोऱ्याने तोंड शिवलेली पिशवी. फाटकाशी निरोप घेताना आईने ती तिच्या हातात कोंबली होती. डोळ्यांनी तेव्हा दिसत नव्हतं, म्हणून आधी तिचा हात चाचपून, मग पिशवी. "जिला द्यायचं तिला दे हो." नेत्साईला वाटलं होतं म्हातारपणाचं काहीतरी बरळणं. विमानतळावर वजन जास्त झालं तेव्हा तिने दोन पुस्तकं काढून ठेवली आणि पिशवी ठेवली, याचं तिला तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. आईला ती बाई खरंच ओळखू आली नव्हती, की पहिल्याच ओळीला ओळखू आली होती आणि मग कुत्र्याला हाक मारतात तशी तिने ही पिठाची पिशवी बांधली होती? आता कोण सांगणार? आंधळी झालेली आई आणि तिचा तो साधा, निरागस चेहरा. शिवी देतानाही असाच असायचा तो. नेत्साईला एकाएकी तिचा भयंकर राग आला, आणि रागाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे बघायला तिला सवड मिळाली नाही. कारण माई लव्हमोर स्टुलावरून उठली होती, एक पाय टाकत, एक ओढत, तिच्याकडे येत होती. किलकाऱ्या थांबल्या. ती अगदी जवळ येऊन उभी राहिली. कोटाला आईचा वास होता, कापूर आणि भाजलेल्या शेंगा. तिने हात पुढे करून आधी नेत्साईचा हात चाचपला.

"आलीस का?" ती म्हणाली. टर उडवण्याचा आवाज नव्हता तो. "जेवतेस ना नीट? बरं, ते पीठ पोचलं का गं त्या बाईला?"

उत्तर द्यावं लागणार होतं. सगळं अंगण बघत होतं, मुरिंगानी, सुना, म्हातारे, पेटी. तिला आपली सगळी थांबणी आठवली, एकही उपयोगाचं नव्हतं. तिकडच्या आपल्या एकटीच्या घराची पिवळी खिडकी आठवली, बाहेरचा काळोख, आणि छोट्या पातेल्यात लाकडी पळीने एकटीने साद्झा घाटणारी, बोटं भाजत उभ्याउभ्याच खाणारी ती स्वतः. ते पीठ महिनाभर पुरलं होतं.

"नाही, आई," ती म्हणाली. "मीच खाल्लं."

अंगण फुटलं. असं हसणं तिने जगातल्या कुठल्याच सभागृहात ऐकलं नव्हतं, बाकं कलंडली, मुरिंगानी गुडघे पिटत खाली बसला, एक लाल ब्लाउजवाली "चिहेराचीच पोर गं बाई, चिहेराचीच!" म्हणत दुसरीच्या गळ्यात पडली. माई लव्हमोरसुद्धा आईचा आवाज विसरून स्वतःच्या जाड आवाजात हसली आणि तिने नेत्साईच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला. नेत्साईने वळून पेटीकडे पाहिलं. मग ती रडायला लागली, तोंड वाकडं करून, नाक गळत, लहान पोरासारखी आवाज काढून. आणि तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण मयताच्या घरी लेक रडते यात बघण्यासारखं काय असतं.